पडलेला फणस जागेवरच चिरायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोलीजवळ घरामागचा जुना फणस यंदाच्या पावसात मुळासकट उलथला. मुळाकडचे तीन-चार फूट सोडून सरळ बुंधा अकरा फुटांचा, जाडी मधोमध चाळीस इंच. जागा उताराची, वाट अरुंद, क्रेन येत नाही. सॉ मिलवाला म्हणतो, चार तुकडे करून आणा. पण तुम्हाला जेवणाच्या टेबलासाठी पूर्ण लांबीचे अडीच इंची स्लॅब, म्हणजे जाड अखंड फळ्या, हव्यात. घरात ४५ सीसीची चेनसॉ आहे. दुकानदार १२० सीसीची घ्या म्हणतो. ती घ्यावी का, आणि चिरायचे कसे?

१२० सीसीची घेऊ नका. या ओंडक्याला ९० सीसीची आणि ३६ इंची बार (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) पुरतो. का, ते पुढे सांगतो. पण मशीन विकत घेण्याआधी आजच दोन कामे करा.

पहिले, वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्या. फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. झाड वाऱ्याने पडले आहे आणि जागा तुमची आहे, हे कागदावर येऊ द्या. झाड मुळासकट पडलेले दिसते आहे तोवर हे सोपे असते, स्लॅब झाल्यावर समजावत बसावे लागते. पुढे स्लॅब पुण्या-मुंबईला न्यायचे असतील तर वाहतूक पासाचेही त्याच वेळी विचारून ठेवा.

दुसरे, बुंध्याची उघडी टोके बंद करा. शेंडा मोडला असेल तिथून लाकूड आताच भेगाळू लागले असणार. जाडसर ऑइल पेंटचे दोन हात द्या, नाहीतर मेण वितळवून लावा. पाणी टोकातून भराभर जाते, अंगातून हळू जाते, आणि या फरकानेच टोके फाटतात. महिनाभर उघड्या राहिलेल्या टोकाचा फूटभर भाग मी नेहमी वाया गेला असे धरून चालतो.

आता मशीन. तुमची ४५ सीसीची चेनसॉ साधारण २.३ किलोवॅटची असेल. ओंडक्याचे आडवे तुकडे करताना इंजिन अर्धा मिनिट जोर लावते आणि सुटते. स्लॅब काढताना मात्र तेच इंजिन पंधरा-वीस मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर, पूर्ण भाराखाली, न थांबता चालते. छोटे मशीन यात तापून पिस्टन धरते. मी तसे एक मशीन घालवलेले आहे. बाजारात ९० सीसीच्या वर्गात स्टिलची एमएस ६६१ आहे, ९१.१ सीसी आणि ५.४ किलोवॅट, हुस्क्वार्नाची ३९५ एक्सपी ९३.६ सीसी आणि ४.९ किलोवॅट. वरच्या वर्गात एमएस ८८१, १२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट, ३१२० एक्सपी, ११८.८ सीसी, ६.२ किलोवॅट. म्हणजे मोठ्या मशीनने मिळतो तो किलोवॅटभर जास्त जोर, आणि त्यापायी हातात येते अडीच किलो जादा वजन. ४८ इंची बार लावून दिवसेंदिवस हेच काम करणाऱ्याला तो सौदा परवडतो. एका फणसासाठी नाही. खरे तर एकाच झाडासाठी ९० सीसीचीही विकत घेऊ नका. भाड्याने मिळाली तर घ्या, किंवा मशीन असलेल्या माणसाला रोजावर बोलवा.

मशीनला जोडायच्या चौकटीला सगळे अलास्कन मिल म्हणतात. बार दोन्ही बाजूंनी पकडणारी, वर सरकपट्ट्या असलेली साधी चौकट. पट्ट्या आणि बार यांतले अंतर म्हणजे तुमच्या स्लॅबची जाडी. चौकटीचे पकडे बारची पाच-सहा इंच लांबी खातात, म्हणून ३६ इंची बारवर प्रत्यक्षात तीस-एकतीस इंच रुंदीच मिळते. मग चाळीस इंची बुंधा कसा बसायचा? दोन्ही कुशींतून पाच-पाच इंच काढून टाकायचे. ऐकून जीव हळहळेल, पण फणसाच्या सालीलगतचा फिकट थर काढून टाकायचाच असतो. त्या थरात साखर आणि पिष्ट असते, भुंगेरे त्यावरच येतात. स्लॅबला सालीची नैसर्गिक कड ठेवायची हौस अनेकांना असते. शिरिषाला किंवा चिंचेला ती शोभतेही, पण फणसाची ती कड दोन-चार वर्षांत पिठासारखी झडताना मी पाहिली आहे. आतला पिवळाधमक गाभा मात्र टिकाऊ. दक्षिणेत वीणा आणि मृदंगम त्याचेच करतात, आपल्याकडच्या जुन्या घरांत खांब-दारे त्याची आहेत. तुम्हाला हवा आहे तो हा गाभा, आणि तो तीस इंचांत बहुतेक सगळा येईल.

कामाला सुरुवात मुळापासून करा, आणि हा भाग शांतपणे वाचा, कारण जीव इथेच जातात. उलथलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा मातीसकट उभा असतो. बुंधा तोडला की त्याच्यावरचा भार सुटतो आणि गड्डा पुन्हा खड्ड्यात आदळतो, किंवा पुढे कलंडतो. तोडण्याआधी त्याला मागून जाड दोराने किंवा साखळीने बांधा. गड्ड्याच्या मागे, खड्ड्याच्या बाजूला, कुणीही उभे राहू नये. मुले तर कुंपणाबाहेरच. काप गड्ड्याला लागून घेऊ नका. बुंध्याचा तीन-चार फुटांचा तुकडा त्याला राहू द्या. बुंधा मध्येच अधांतरी असेल तर वरून काप घालताना तो बार चिमटीत धरील, म्हणून आधी खाली आधाराचे ठोकळे द्या.

नंतर साल काढा. पूर्ण. फणसाची ओली साल चिकाने चेन चिकटवते, आणि उलथलेल्या झाडाच्या सालीत तांबडी माती व जांभ्याचे कण घट्ट बसलेले असतात. एवढ्याशा खड्याने चेनची सगळी धार जाते. कोयत्याने आणि पहारीने साल सोलून बुंधा पाण्याने धुऊन घ्या. सोलताना लाकडावर निळसर-काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असे समजा. घरामागच्या झाडात कपडे वाळत घालायच्या तारेचे खिळे, गोठ्याची कडी, जुना आकडा, काहीही आत गेलेले असते. हातातला छोटा मेटल डिटेक्टर मिळाला तर बुंध्यावरून फिरवा.

जागा उताराची आहे हे चांगलेच आहे. बुंध्याचे जाड टोक फूट-दीड फूट उंच राहील असा तो ठोकळ्यांवर घ्या आणि वरून खाली चिरत या. मशीनचे वजनच मग त्याला पुढे नेते, ढकलावे लागत नाही. बाजूंनी पाचरी मारून ओंडका डुलणार नाही असा करा. असा चाळीस इंची, अकरा फुटी बुंधा म्हणजे साधारण ९५ घनफूट, ओले वजन अडीच टनांच्या घरात. तो एकदा लोळू लागला तर माणसांच्या हातांनी थांबत नाही.

आता पहिला काप. सगळी कमाई यात आहे. पुढचा प्रत्येक स्लॅब आधीच्या कापावरून सरकत निघतो, म्हणून पहिल्या कापात जे वाकडे आले ते शेवटच्या स्लॅबपर्यंत उतरते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत आंबे, फणस, पोफळी आडव्या झाल्या, त्या पावसाळ्यात मी हे काम शिकलो. माझ्या पहिल्या आंब्यावर मी ॲल्युमिनियमची शिडी ठेवून तिच्यावरून मिल ओढली. शिडी मधोमध तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लवत होती, ते माझ्या लक्षात आले नाही. सगळे स्लॅब होडीसारखे निघाले, सुताराने प्रत्येकातून जवळजवळ अर्धा इंच रंध्याखाली घालवला. शंभर वर्षांच्या झाडाचे लाकूड माझ्या एका चुकीने भुशात गेले, ते अजून टोचते.

म्हणून शिडी वापरलीत तरी खालून दर दोन फुटांवर तिला आधाराचे गुटके द्या. त्यापेक्षा बरे म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन सरळ चौकोनी पाइप, बुंध्यापेक्षा दोन्हीकडे फूटभर लांब. काप सुरू करताना आणि संपताना मिलला टेकायला जागा लागते, नाहीतर टोकाशी बार खाली झुकतो. दोन्ही टोकांना एकेक फळी स्क्रूने बसवा, तिच्यावर लेव्हल लावा, मग पाइप ठेवा. एका टोकाला उभे राहून दोन्ही फळ्यांच्या वरच्या कडा नजरेने जुळवा. त्या समांतर दिसल्या नाहीत तर स्लॅब पिळलेला निघणार. आणि स्क्रूची लांबी मोजा, पुन्हा मोजा. स्क्रूचे टोक बार जिथून जाणार त्याच्या किमान इंचभर वर राहिले पाहिजे.

बुंधा एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक असतो. पाइप सालीच्या वरच्या अंगाला समांतर ठेवू नका, आतल्या नाभीला, म्हणजे वलयांच्या मध्याला, समांतर ठेवा. दोन्ही टोकांना नाभी दिसते, तिच्यापासून सारखे माप घेऊन दोरी मारा. असे केले की नाभी पूर्ण लांबीत एकाच स्लॅबमध्ये राहते. तो एक स्लॅब मधून फाटणारच. त्याला मधोमध उभा चिरून दोन अरुंद फळ्या करा. बाकीचे मग सुरक्षित. नाभीची आखणी न करता काढलेल्या ओंडक्यात ती तीन-तीन स्लॅबमधून तिरपी जाते आणि तिघांनाही फोडते.

पहिला काप झाला, वरचे सपाट अंग मिळाले, की त्यावर सरळ फळी बसवून उभ्या कापाच्या छोट्या मिलने दोन्ही कुशी उतरवा. बार लाकडाच्या रेषांच्या दिशेने तिरका झाला तर भुशाऐवजी शेवयांसारखे लांब तंतू निघतात आणि स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणात गच्च बसतात. मशीन बंद करून ते काढा, चालू असताना बोट घालू नका.

चेनबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण लोक सीसी विचारतात आणि चेनकडे दुर्लक्ष करतात. झाड आडवे तोडायच्या चेनचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात. उभे चिरायला १० अंशांची चेन घ्या, रिपिंग चेन म्हणून मिळते. ३/८ इंच पिच (कड्यांमधल्या अंतराचे माप), १.६ मिमी गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी), ही ३६ इंची बारला बरी. साध्या चेननेही स्लॅब निघतो, पण अंगावर खोल ओरखडे राहतात आणि मशीन जास्त ओढते. कानस चेनच्या डब्यावर दिलेल्या मापाचीच, ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी. दातापुढची, घासाची खोली ठरवणारी टोके दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली असावीत. जास्त खाली घासली तर चेन घास मोठा घेते, अडकते आणि क्लच जळतो.

एवढ्या लांब चेनला छप्पन्न-सत्तावन्न दात असतात. डावे-उजवे सगळे दात एका लांबीचे हवेत. एका बाजूचे आखूड झाले की बार हळूहळू वर चढतो किंवा खाली उतरतो, आणि माणूस चौकटीला दोष देत बसतो. सर्वांत आखूड दाताच्या मापाने बाकीचे सगळे आणा, कंटाळा करू नका. धार गेली हे ओळखायला भुसा हातात घ्या. रव्यासारखा टोचरा असेल तर चालू द्या. मैद्यासारखा मऊ आणि गरम लागला तर लगेच थांबा. फणसात मी पेट्रोलच्या दर टाकीनंतर प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात देतो, आणि एका स्लॅबला साधारण एक टाकी लागतेच. धारदार चेनवर तीस इंच रुंद, अकरा फूट लांब काप पंधरा-वीस मिनिटांत होतो. दोघेजण दिवसभरात सहा-सात स्लॅब काढतात. त्याहून जास्तीची घाई केली की हात थकतो आणि नेमकी तेव्हाच चूक होते.

मिलच्या एका कापात तीन सूत लाकूड भुसा होऊन जाते. तुमच्या बुंध्यातून दहा-अकरा स्लॅब निघतील, म्हणजे एकंदर चार-साडेचार इंच भुसा. सॉ मिलमधली बँडसॉ (पट्ट्याची करवत) दोन मिमीच खाते, हे खरे. पण बँडसॉ तुमच्या घरामागे येत नाही आणि तुकडे केलेला फणस पुन्हा अकरा फुटी होत नाही.

इंधन रोजच्या रोज बनवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते आपल्या दमट हवेत पाणी ओढते, शिवाय त्याने मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते आणि इंजिन जास्त तापते. ऑइल चांगल्या कंपनीचे टू-स्ट्रोक, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. मी या कामाला थोडे जास्तच घालतो. हाताने ट्यूनिंग होणारे मशीन असेल तर मेकॅनिककडून वरच्या वेगाचा स्क्रू जरा रिच (पेट्रोल जास्त) करून घ्या. प्रत्येक काप संपल्यावर मशीन लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर राहू द्या. एअर फिल्टर दर दोन स्लॅबनंतर झटका. बारला तेल पुरते की नाही ते बारच्या टोकापाशी बघा. कमी वाटले तर त्या टोकाला ठिबकणारी छोटी बाटली बांधतात. जळके इंजिन ऑइल मात्र घालू नका. लाकडात काळे डाग उतरतात आणि श्वासातून तुमच्या अंगात जाते.

काप चालू असताना दर दोन-तीन फुटांवर मागे पाचर सारत जा. लाकडाची किंवा प्लास्टिकची, कापाच्या जाडीचीच. ठोकून वर उचलायची नाही, फट राखायची. ढकलू नका. मशीन स्वतः जेवढे खाते तेवढेच पुढे जाऊ द्या. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा, तोंडाला धुळीचा मास्क आणि पायांत चेनसॉची संरक्षक पँट, यांतले एकही नसेल तर त्या दिवशी काम सुरू करू नका. दोन कापांच्या मध्ये हात झटका, कपभर पाणी प्या. बोटे पांढरी पडून मुंग्या येऊ लागल्या तर दिवस तिथेच संपवा. कंपनाने नसा कायमच्या जातात.

निघालेला ओला स्लॅब दीडशे किलोच्या आसपास असतो. चार माणसे, दोन पहारी आणि खाली लोळवायला पीव्हीसीचे पाइप. त्याच संध्याकाळी त्याची टोके रंगवा, आणि भुंगेरे लागू नयेत म्हणून दोन्ही अंगांना बोरॅक्स-बोरिकचे पाणी मारा: १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स, २०० ग्रॅम बोरिक ॲसिड. लाकूड ओले असतानाच ते आत जाते, महिन्याने मारून उपयोग नाही. पावसात भिजले तर ते धुऊन जाते, म्हणून आधी छप्पर तयार ठेवा, मगच झाडाला हात लावा.

रचताना खालचे ठोकळे एका पातळीत, जमिनीपासून दीड फूट वर. मधल्या पट्ट्या इंचभर जाडीच्या, सुक्या लाकडाच्या, दर दीड फुटाला, आणि खालपासून वरपर्यंत एकावर एक सरळ रेषेत. सरळ नसल्या तर स्लॅब त्यांच्यामध्ये लवून वाळतो. वर जांभ्याचे चिरे ठेवा. ऊन लागू देऊ नका, पण वारा आरपार गेला पाहिजे. बंद खोलीत पावसाळ्यात फक्त बुरशी वाढते.

इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब, पण आपल्याकडे चार महिने हवा ओली, म्हणून अडीच इंचाला मी अडीच-तीन वर्षे धरतो. दोन टोकांचा मॉइश्चर मीटर घ्या. किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या शेवटी १४-१५ टक्के आले की थांबते. टेबल पुण्यात जाणार असेल तर तिथे १०-१२ पर्यंत उतरते. तेव्हा स्लॅब आधी त्या घरात दोन-तीन महिने पट्ट्यांवर ठेवा, मगच सुताराला रंधा मारू द्या. घाई केलीत तर पहिल्याच उन्हाळ्यात रुंदी दोन सूत आकसेल आणि पायांचे स्क्रू लाकूड फाडतील. पाय बसवताना लोखंडी पट्टीला गोल भोके न पाडता लांबट पाडायला सांगा, म्हणजे स्लॅबला हलायला जागा राहते.

फांद्यांचे बेचके जळणाला देऊ नका. दोन फांद्या फुटतात तिथे रेषा पिसाऱ्यासारख्या पसरलेल्या असतात, दीड-दोन फुटांचा तुकडा तीन इंची काढून ठेवा. तो मूळ बुंध्याहून हळू वाळतो आणि जास्त पिळतो, म्हणून त्याच्यावर वजन दुप्पट.

टोके रंगवून झाली की दोन्ही टोकांपासून नाभीचे माप घ्या, वरून किती, खालून किती, आणि बुंध्याला कुठे बाक आहे तेही बघा. बाक असेल तर तो वर किंवा खाली यायला नको, बाजूला यायला हवा. तसा बुंधा ठोकळ्यांवर चढवण्याआधीच फिरवून घ्या, नंतर फिरत नाही.